पाचरीचा की पिस्टनचा?

गणिताच्या बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शाळेने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि पुढच्याच महिन्यात बाईंनी स्वतःला लेथ दिला. तसं हे धातू फिरवून कातायचं यंत्र छोटंच, टेबलावर मावणारं, पण जिना चढवताना दोन हमालांना घाम फुटला. मुलगा नोकरीसाठी दूर गेल्यापासून त्याची खोली रिकामीच होती. पलंग बाहेर गेला, लेथ आत आला. शेजारणीला वाटलं, शिलाईचं नवं मशीन असेल.

"नाही हो, पितळ कातायचंय," बाई म्हणाल्या.

शेजारीण "अगंबाई, हो का" म्हणाली आणि पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

बाईंचं म्हणणं साधं होतं. चौतीस वर्षं त्यांनी फळ्यावर वर्तुळं काढली, आणि त्यातलं एकही कधी खरोखर गोल नव्हतं. आता हातात धरता येईल असं काहीतरी गोल त्यांना करून बघायचं होतं. वर्षभरात त्यांनी ते केलंही. झाकणं केली, पेनाचं स्टँड केलं, गरागरा फिरणारे भोवरे केले. तेवढ्यात त्यांचे यजमान, म्हणजे अण्णा, एक काम घेऊन आले.

अण्णांचं चष्म्याचं दुकान. दुकानात भिंगं ठेवायचं जुनं लाकडी कपाट, अठ्ठेचाळीस खणांचं. खणांच्या मुठी एकेक करून निखळल्या होत्या आणि जिथे मूठ नाही तिथे अण्णांनी सुतळीचा फास बांधला होता. कपाटाकडे बघितलं की दावणीला जनावरं बांधल्यासारखं दिसे.

"मी करून देते पितळेच्या," बाई म्हणाल्या. "सगळ्या. अठ्ठेचाळीस."

बोलून बसल्या आणि मग हिशोब केला. हिशोब आधी करायचा असतो हे त्यांनीच हजारो मुलांना सांगितलं होतं, पण ते असो. एका मुठीला चार टूल, म्हणजे कापायची हत्यारं, लागत: एक तोंड सपाट करायला, एक गोलाई द्यायला, एक मानेशी खाच पाडायला आणि शेवटचं कापून वेगळं करायला. बाईंच्या लेथवर टूल धरायला जो ठोकळा, म्हणजे टूलपोस्ट, होता, त्यात एका वेळी एकच टूल बसे. प्रत्येक वेळी बोल्ट सोडवायचे, टूल काढायचं, दुसरं घालायचं. बरं, नुसतं घालूनही भागत नाही. टूलचं टोक फिरणाऱ्या कामाच्या बरोबर मध्याच्या उंचीला यावं लागतं. वर राहिलं तर नुसतं घासतं, खाली राहिलं तर मधोमध फोडासारखा टेंगूळ सोडतं. ती उंची आणायला टूलखाली पत्र्याचे तुकडे सरकवायचे. बाईंकडे बिस्किटांच्या डब्याचे कापलेले पत्रे होते, एक फुटलेली पट्टी होती, आणि अगदी बारीक फरकासाठी जुन्या कॅलेंडरचा कागद. एक टूल बदलायला बारा मिनिटं. अठ्ठेचाळीस गुणिले चार, गुणिले बारा.

"अडतीस तास चोवीस मिनिटं," बाईंनी जेवताना जाहीर केलं. "नुसते पत्रे सरकवण्यात."

"मग सुतळीच बरी," अण्णा म्हणाले.

त्यावर बाईंनी त्यांच्याकडे जे बघितलं, त्यानंतर सुतळीचा विषय घरात निघाला नाही.

उपाय होता. झटपट बदलायचा टूलपोस्ट मिळतो. त्यात प्रत्येक टूलला आपापला होल्डर असतो. उंची एकदाच लावायची, होल्डर वरून सरकवायचा, दांडा ओढला की घट्ट. पत्रे नाहीत, कॅलेंडर नाही. पण तो घ्यायचा कोणता? पिस्टनचा घ्यायचा की पाचरीचा, मोठ्या मापाचा की छोट्या, पोलादी की बिडाचा, किती होल्डरचा? बाईंनी दोनशे पानी वही आणली, पट्टीने नऊ रकाने आखले आणि बाजारातले चौदा टूलपोस्ट त्यात ओळीने बसवले. तीन महिने झाले. वही अर्धी भरली, कपाटाच्या आणखी चार मुठी पडल्या, आणि बाईंचा निर्णय काही होईना. सकाळी मोठा पिस्टनवाला ठरे, संध्याकाळी छोटा पाचरवाला.

"लग्नाच्या वेळी तू एवढी चौकशी केली नव्हतीस," अण्णा म्हणाले.

"म्हणूनच आता करतेय."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. उत्तर सुचत नसलं की ते चष्मा पुसत, आणि धंदाच तो असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नसे. मग म्हणाले, "हे बघ, मी गिऱ्हाइकाला दोन भिंगं दाखवतो. हे बरं की ते बरं? तिसरं दाखवलं की तो म्हणतो, पहिलं पुन्हा दाखवा. चौदा दाखवली तर तो चष्मा न घेताच घरी जाईल आणि वाटेत खांबाला धडकेल. कागदावर काय बघतेस? कुठेतरी जाऊन हाताने फिरवून बघ."

"कुठे?"

"मायक्रॉनकडे जा. वर्कशॉपांच्या गल्लीत, शेवटून दुसरा गाळा. माझं गिऱ्हाईक आहे. जवळचं दिसत नाही त्याला, पण काम चोख."

मायक्रॉन हे त्या टर्नरचं पाळण्यातलं नाव नव्हे हे उघडच होतं. जॉब हातात घेतला की 'दोन मायक्रॉन जास्त आहे' असं म्हणायची, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा मोजायची, त्याला सवय होती, म्हणून गल्लीने त्याचं बारसं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वही काखोटीला मारून गल्लीत गेल्या. गाळ्यात दोन मोठे लेथ होते. जमिनीवर निळसर पोलादी कीस गुंतवळासारखा पडला होता. भिंतीवर खिळ्यांना पाने उंचीप्रमाणे टांगलेले. पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला एक माणूस वाकून डायल वाचत होता. त्याने मान वर केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मशीनच बंद केलं.

"बाई?"

बाई दचकल्या. त्याने स्टूल पुढे ओढलं, फडक्याने पुसलं, मग फडकंच तेलकट आहे हे लक्षात येऊन शर्टाच्या बाहीने पुसलं.

"बसा ना बाई. 'क' तुकडी. खिडकीकडचा चौथा बाक. तीन वर्षं होतो तुमच्या वर्गात."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. टक्कल, मिशी, नखांत मुरलेलं तेल. त्यामागे एखादा शाळकरी चेहरा सापडतो का ते शोधलं. सापडेना. अशा वेळी 'हो हो, आठवलं की' म्हणायचं असतं, सगळे शिक्षक म्हणतात. बाईंच्या ओठांवर ते आलंही होतं.

"खरं सांगू का?" त्या म्हणाल्या. "नाही आठवत तुम्ही."

तो खळखळून हसला. "कसा आठवणार? आठवावं असं मी काही केलंच नाही. पहिला आलो नाही, मार खाल्ला नाही. गणितात बरोबर पस्तीस, तिन्ही वर्षं. आणि बाई, मला अहो-जाहो नका करू, पाठीत उसण भरते."

"बरं, तू."

"हां. आता कसं वर्गात बसल्यासारखं वाटलं."

बाईंनी आपलं काम सांगितलं आणि वही त्याच्यापुढे ठेवली. मायक्रॉनने हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत. मग वही उघडली. "अक्षर तेच आहे," तो स्वतःशीच म्हणाला. एकेक पान उलटत गेला, रकान्यांवरून बोट फिरवत. वजन, धातू, होल्डरची संख्या, दांड्याची लांबी, लोकांची मतं. शेवटच्या पानाशी थांबला. कानामागे खाजवलं.

"बाई, तुमच्या लेथवर टूलपोस्ट ज्या स्लाइडवर बसतो, त्या स्लाइडपासून सेंटर, फिरणाऱ्या कामाचा मध्य, किती उंच आहे?"

बाई गप्प झाल्या. ही शांतता त्यांच्या ओळखीची होती. चौतीस वर्षं त्यांनी प्रश्न विचारले आणि समोरून अशीच शांतता ऐकली. तिच्या या बाजूला उभं राहायची मात्र पहिलीच वेळ.

"ते... मी मोजलं नाही."

"मग हे सगळं म्हणजे..." मायक्रॉनने जीभ चावली.

"बोल, बोल. वाक्य पूर्ण करावं."

"म्हणजे बाई, उदाहरण न वाचताच सोडवायला घेतलंय."

बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या गाळ्यातला वेल्डर डोक्यावरचं शिरस्त्राण वर करून बघायला आला. "अरे, हे वाक्य माझं आहे!"

"तुमचंच आहे. माझ्या वहीत लाल शाईत होतं. आठ ठिकाणी."

बाई तडक घरी गेल्या. अण्णांना दुकानातून बोलावून घेतलं, बॅटरी धरायला लावली आणि तीनदा मोजलं. सत्तावीस मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी हा आकडा घेऊन त्या पुन्हा गाळ्यात हजर. मायक्रॉनने खडूने लोखंडी पाटावर आकृती काढली.

"हा होल्डर. टूल याच्या खाचेत बसतं. खाचेखाली याचा तळ असतो. मोठ्या मापाच्या होल्डरचा तळ चौदा, त्यात बसणारं टूल सोळाचं. किती झाले?"

"तीस."

"आणि तुमचं सेंटर सत्तावीसला. तीन मिलिमीटर वर राहिलं टूल. खाली कुठे नेणार? खाली स्लाइड आहे. बारीक टूल घातलं तर जेमतेम बसेल, पण मग मोठा घेऊन उपयोग काय? छोट्याचा तळ अकरा, टूल बारा. तेवीस. चार मिलिमीटर हाताशी राहतात, होल्डर हवा तेवढा वर घ्या."

बाईंनी वही उघडली आणि चौदातल्या आठ टूलपोस्टांवर एकामागून एक आडव्या रेघा मारल्या. तीन महिन्यांत न झालेलं काम दोन मिनिटांत झालं. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी उगाच नववी रेघही मारली आणि मग ती खोडली.

"राहिलं पिस्टन की पाचर," मायक्रॉन म्हणाला. "माझ्याकडे दोन्ही आहेत. माप मोठं आहे, पण मापाकडे नका बघू, स्वभाव बघा."

एका लेथवर पिस्टनचा टूलपोस्ट होता. दांडा ओढला की त्याच्या पोटातून दोन जाड खुंट्या बाहेर येत आणि होल्डरला बाहेर रेटून घट्ट करत. दुसऱ्यावर पाचरीचा. त्यात एक तिरकी पाचर सरकून होल्डरला आत, पोस्टच्या अंगाशी ओढून घेई. मायक्रॉनने टूलच्या टोकाशी बारीक फरक दाखवणारं डायल गेज लावलं आणि बाजूला झाला. "होल्डर काढा, घाला, आकडा बघा. दहा वेळा."

प्रयोग म्हटल्यावर बाईंचे डोळे चमकले. प्रत्येक आकडा त्यांनी वहीत घेतला. पिस्टनचा टूलपोस्ट दर वेळी थोडा इकडेतिकडे परते, शतांश-दोन शतांश मिलिमीटरचा फरक. पाचरीचा दहाही वेळा जवळजवळ त्याच रेघेवर येऊन थांबला.

"मग पाचरीचाच की!" बाई म्हणाल्या.

"घाई नको. कपाटाच्या मुठीला दोन शतांश कोण विचारतो? पिस्टनवर मी बारा वर्षं पोट भरलंय." मायक्रॉन डायलकडे बघतच नव्हता. तो बाईंच्या हाताकडे बघत होता. "बाई, एक सांगा. पिस्टनचा दांडा शेवटी ओढताना तुम्ही श्वास धरता. अंगठा दुखतो का?"

बाईंनी हात पदराखाली घेतला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दोन वर्षं दुखत होतं. डॉक्टर म्हणत वयाने, बाई म्हणत खडूने. अण्णांनाही त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लेथ बंद कर म्हणाले असते.

"थोडा," त्या म्हणाल्या.

"डोळे मिटा. आता आलटून पालटून दोन्ही दांडे ओढा. कुठला कोणता ते विसरा."

बाईंनी डोळे मिटले. पहिला दांडा शेवटच्या इंचाला अडला. तो घट्ट करायला मनगट पिळावं लागलं आणि कळ कोपरापर्यंत गेली. दुसरा तळव्याने ढकलला तसा सरकला आणि मऊ 'टक' करून थांबला. अंगठा मध्ये आलाच नाही. त्यांनी तो पुन्हा सोडला, पुन्हा ढकलला. टक. आणि पुन्हा एकदा, निव्वळ मजा म्हणून.

"हा," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"मग मिटा वही."

घरी आल्यावर बाईंनी अण्णांना निर्णय सांगितला, आणि ओघात अंगठ्याचंही सांगून टाकलं. अण्णांनी बाईंचा उजवा हात हातात घेतला. चष्मासुद्धा पुसला नाही. मग म्हणाले, "दोन वर्षं?"

"तुम्ही लेथ बंद करायला लावला असता."

"लावला असता," अण्णांनी कबूल केलं. "चूक झाली असती. रोज संध्याकाळी तू त्या खोलीतून बाहेर येतेस तेव्हा गाणं गुणगुणत येतेस. पूर्वी वह्या तपासून यायचीस तेव्हा भांडत यायचीस." मग त्यांनी मूळ बातमी पुन्हा मनात घोळवली. "पाचर मारणारे खूप बघितले. पैसे देऊन पाचर घरात आणणारी तूच पहिली."

बुधवारी खोकं आलं. आत तेलकट कागदात गुंडाळलेला, काळाभोर, मुठीत जेमतेम मावणारा टूलपोस्ट आणि पाच होल्डर. बाईंनी तो स्लाइडवर ठेवून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. खालची चौकोनी चकती, जी स्लाइडच्या खाचेत सरकून टूलपोस्टला खालून धरून ठेवते, ती खाचेत जाईचना. रुंदीला चांगली अडीच मिलिमीटर जास्त.

त्यांनी मायक्रॉनला फोन लावला. तो पलीकडून हसत होता. "ती तशीच येते बाई. प्रत्येक लेथची खाच वेगळी, म्हणून मुद्दाम मोठी देतात, ज्याने त्याने घासून घ्यायची. माझ्याकडे पाठवा, पाच मिनिटांत करतो."

"मी करीन."

"मग कानसच चालवावी लागेल. आणि एक लक्षात ठेवा. चकतीच्या भोकातले आटे आरपार ठेवू नका, शेवटचा आटा ठोकून बंद करा. नाहीतर बोल्ट खालून बाहेर येतो, स्लाइडला टेकतो आणि आवळाल तशी स्लाइडच वर उचलून फोडतो."

बाईंनी चकती शेगड्यात, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, धरली आणि कानस चालवायला घेतली. दहा मिनिटांत अंगठ्याने मान टाकली. त्या हात झटकत उभ्या होत्या, तेवढ्यात दारातून अण्णा आत आले. बॅटरी धरली तो एक दिवस सोडला, तर लेथ आल्यापासून त्यांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. आवाज फार, म्हणत.

"सरक जरा," ते म्हणाले. त्यांनी कानस उचलली, तिच्या दातांवरून बोट फिरवलं, पाय किंचित फाकवून उभे राहिले आणि लांब, सरळ, न डुलणारे हात मारायला लागले. कानस पुढे जाताना कापत होती, मागे येताना नुसती तरंगत होती.

बाई बघतच राहिल्या. "हे तुम्हाला कुठून येतं?"

"चाळीस वर्षं चष्म्याच्या काड्या आणि फ्रेमा काय दाताने घासतोय?" अण्णा म्हणाले. "काच तर याहून नाजूक. एक हात वाकडा गेला की गेली."

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक छोटं टेबल आहे आणि तिथे ते काहीतरी करतात, एवढंच बाईंना ठाऊक होतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ती चकती घासली. बाई मोजत, अण्णा घासत. "अजून तीन शतांश." "डावीकडून की उजवीकडून?" "डावीकडून." दुसऱ्या दिवशी दुपारी चकती खाचेत सरकली, अडली, अण्णांनी दोन हलके हात मारले आणि ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. दोघं एकमेकांकडे बघून लहान मुलांसारखी हसली. जेवायचं राहून गेलंय हे तेव्हा लक्षात आलं.

रविवारी सकाळी मायक्रॉन तपासणीला आला. धुतलेला शर्ट, खिशात मायक्रोमीटर. त्याने चकती काढून चारही बाजू मोजल्या, आटे बंद केलेत का ते पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "दोन मायक्रॉन जास्त आहे."

अण्णांचा चेहरा पडला.

"असू दे," मायक्रॉन म्हणाला. "मला एवढं हाताने जमलं नसतं."

पाची होल्डरांची उंची लावायला अर्धा तास लागला. मग बाईंनी पितळेची सळई लेथच्या जबड्यात, चकमध्ये, धरली आणि लेथ चालू केला. पहिलं टूल. पितळेचा सोनेरी कीस चुरचुरत उडाला. दांडा सोडला, होल्डर वर, दुसरा खाली, टक. अण्णा हातातलं घड्याळ बघत होते. "सहा सेकंद!" ते ओरडले. "बारा मिनिटांचे सहा सेकंद!" दुसऱ्या बदलाला पाच. तिसऱ्याच्या वेळी अण्णा म्हणाले, "मी करू?" आणि त्यांनी केला. बारा सेकंद लागले, पण तोंडावर असा भाव, जणू विमान उतरवलं.

मुठीची मान निमुळती करायची होती. मोठा व्यास वीस, छोटा चौदा, लांबी पंधरा. मायक्रॉनने सवयीने पाकिटातून एक मळकं, चौपदरी घडीचं कार्ड काढलं. त्याच्या उस्तादाने लिहून दिलेला कोनांचा तक्ता. तो त्यात शोधेपर्यंत बाई म्हणाल्या, "अकरा अंश आणि वर थोडं."

मायक्रॉनने कार्डावर बोट ठेवलं. अकरा अंश, वर थोडं. तो बाईंकडे बघत राहिला.

"बाई," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं हे कार्ड वापरतोय. कार्डात नसलेलं माप आलं की अंदाजाने करतो, मग दोन जॉब वाया घालवतो. हे आकडे येतात कुठून?"

बाईंनी लेथ बंद केला. खडू नव्हता, म्हणून काळ्या पेनने पितळेच्या सळईवरच रेघ ओढली. "वीसमधून चौदा गेले?"

"सहा."

"पण ते दोन्ही बाजूंचे मिळून सहा. टूल किती बाजूंनी कापतं?"

"एका." तो थांबला. "म्हणजे तीन. पंधरा पुढे जाताना तीन आत."

"मग उतार किती?"

"पंधराला तीन. पाचाला एक." मायक्रॉनने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, जणू आकडे हवेत लिहिलेत. "हे तर घसरगुंडीसारखं आहे. एवढंच? ते टॅन-टॅन म्हणायचात ते हे?"

"हे."

"मग तेव्हा का नाही समजलं मला?"

बाईंना हसूही आलं आणि आत कुठेतरी टोचलंही. "कारण मी तुम्हाला चौतीस वर्षं मनोऱ्याची उंची काढायला लावली," त्या म्हणाल्या. "आपल्या शाळेजवळ मनोरा होता का रे?"

"मनोरा कुठला बाई, पाण्याची टाकीसुद्धा नव्हती."

"मग तुझं काहीच चुकलं नाही. मी लेथ उशिरा घेतला."

मायक्रॉनने कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच तीन मापं लिहिली, तिन्हींचे उतार काढले, आणि कोन बघायला बाईंचा कॅल्क्युलेटर मागितला. तिन्ही बरोबर आले. चौथं त्याने मुद्दाम कार्डात नसलेलं घेतलं. तेही आलं. तो खोलीत एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "अण्णा, चहा आहे का हो? मला बसायला पाहिजे."

सगळ्या मुठी व्हायला अकरा दिवस लागले. कपाट झळकायला लागलं आणि अण्णा गिऱ्हाइकांना गरज नसताना खण उघडून दाखवू लागले.

पण बाईंचे गुरुवार त्या महिन्यापासून गल्लीत जायला लागले. मायक्रॉन गल्लीत बोलला होता, आणि अशा गोष्टी गल्लीत वाऱ्यासारख्या पसरतात. आधी शेजारचा वेल्डर आला, मग समोरच्या गाळ्यातले दोन टर्नर, मग पांढऱ्या मिशांचा एक फिटर, जो पहिले दोन गुरुवार हाताची घडी घालून दारातच उभा राहिला आणि तिसऱ्या गुरुवारी स्वतःचा जॉब घेऊन आला. निमुळता खुंटा, निमुळत्या भोकात बसवायचा. जुना झिजला होता, नकाशा हरवला होता.

"मोजा," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा काय मोजायचं?"

पाचही जण एकदम बोलले. फिटरने सगळ्यांना गप्प केलं आणि स्वतः मोजलं. लोखंडी पाटावर खडूने उतार मांडला गेला. वेल्डरचं उत्तर चुकलं, त्याने दोनाने भागलं नव्हतं, त्यावर सगळ्यांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. स्लाइड कोनाला लावली, खुंटा कातला. फिटरने त्याला निळा रंग फासला, भोकात घालून फिरवला आणि बाहेर काढला. रंग टोकापासून बुडापर्यंत सारखा पुसला गेला होता, म्हणजे खुंटा भोकात सगळीकडे टेकत होता. फिटर खुंटा उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने तो बाईंच्या हातात दिला. "बघा," म्हणाला.

दुकान बंद करून अण्णा बाईंना न्यायला आले तेव्हा बाईंच्या एका हाताला खडू होता, दुसऱ्याला तेल, आणि गाळ्यात सगळे एकाच वेळी बोलत होते.

"निघायचं का?" अण्णांनी दारातून विचारलं.

"थांबा हो," बाई म्हणाल्या. "अजून दोघांचे कोन राहिलेत."

वेल्डरने अण्णांसाठी एक स्टूल ओढलं. अण्णांनी ते रुमालाने पुसलं, बसले, आणि पाटावर काय लिहिलंय ते वाचायला चष्मा नीट लावला.